द्राक्षांचं रिकामं खोकं

६ एप्रिल १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पाकीट काल पोचलं. आतली बटरपेपरची पुडी शाबूत आहे, पराग कोरडा खडखडीत. तुझ्या त्या विटकरी फुलाच्या आयरिसला आपण ‘खांब’ म्हणतो ते त्याच्या न वाकणाऱ्या दांड्यासाठी. पण पराग देतानाही त्यानं हात आखडता घेतलेला नाही. पुडी बरणीत घालून फडताळात ठेवली आहे.

पाकीट फोडल्यावर मी ते सवयीनं नाकाला लावलं. काहीच आलं नाही. तू पाट्या रंगवायला लागल्यापासून तुझं एकही पत्र टर्पेंटाइनच्या वासाशिवाय या घरात शिरलेलं नाही. क्षणभर वाटलं, दादानं धंदा सोडला की काय. मग लक्षात आलं. तुला लिहायचं टाळत होते, आता लिहिते. जानेवारीतला ताप गेला तो माझं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाही येणारही, वाट बघा. लहानपणी तू मला नकटी म्हणून चिडवायचास. घे, झाले एकदाची.

घरात चालून जातं, पंचाईत कारखान्यात आहे. साबणाच्या प्रत्येक खेपेला मी हुंगून होकार दिल्याशिवाय ती वड्या पाडायला जात नाही. सध्या मी तेलाचा रंग आणि शेजारणीचा चेहरा बघून अंदाजपंचे दाहोदरसे मान हलवते. मालकीणबाईंना काही बोललेले नाही. वास येत नसेल तर त्या खोलीत माझं काम काय?

आणि आता आपलं. परसातली तीन नवी रोपं यंदा पहिल्यांदाच फुलली आहेत: एक पिवळं, एक गडद जांभळं, रुंद पाकळ्यांचं पण वाऱ्यात मान टाकणारं, आणि एक असल्या रंगाचं की चहा सांडलेलं फडकं बरं. यांतलं आई म्हणून कोण घ्यायचं? कोणाच्या फुलात खांबाचा पराग लावायचा? आजवर मी वासावर निवडत आले. या तिघांना मी कधी हुंगलेलंच नाही, आणि आता हुंगून उपयोग नाही. शेवटी आमच्या यांना कामाला लावलं. पातेलं जळून काळं झालं तरी शेजारी बसून पेपर वाचणारा हा माणूस, विमा कचेरीची बॅग खांद्याला अडकवून वाफ्यात वाकला. पिवळ्याला म्हणाले, नवीन रेनकोट. जांभळ्याला म्हणाले, नळाचं पाणी. फडक्यापाशी मात्र बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, फळवाल्याकडे द्राक्षं काढून घेतल्यावर रिकामं खोकं उरतं ना, तसा.

काय करू ते उलट टपाली कळव. कळ्या अजून आहेत, पण थांबणार नाहीत.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, सध्या तो डोळ्यांनीच वाचून घेते.
तुझी,
नकटी


१४ एप्रिल १९८६

चि. नकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी तुझ्यावर रागावलो. जानेवारीची गोष्ट एप्रिलात कळवतेस? वहिनी म्हणते, तुझ्या जागी मी असतो तर मीही लपवलंच असतं, आपण दोघं एकाच माळेचे मणी. तेव्हा राग परत घेतो.

माझं नाक उसनं देता आलं असतं तर दिलं असतं, पण टर्पेंटाइननं ते कधीच कामातून गेलंय. मला सगळ्याच फुलांना वास येतो आणि तो एकच येतो.

आता सोयरिकीचं. माझं मत विचारशील तर जांभळी घे. रंग भरलेला, पाकळ्या रुंद, मान तेवढी वाऱ्यात टाकते. ती उणीव खांब भरून काढेल. आपला नियम तुला ठाऊक आहे: एकाची खोड दुसऱ्यानं झाकायची, दोघांची खोड एकच असली की पोरांत ती दुपटीनं उतरते. खांबाला वास नाही. जांभळीलाही नाही म्हणतेस. तिथे माझं मत लंगडं पडतं, हे मलाही दिसतंय. पण फडक्याची बाजू घ्यायची तर एवढंच सांग, मेहुण्यांच्या नाकाच्या भरवशावर आपण दोन वर्षं वाफा अडवायचा? ज्या माणसानं माझ्या लग्नात रंगाच्या डब्यात हात घालून चटणी आहे का विचारलं होतं?

निवड तुझी. बोंड तुझ्या परसात धरणार, मी लांबून नाक खुपसत नाही. पण मालकीणबाईंना सांगून टाक. झाकली मूठ फार दिवस झाकून धरली की बोटं दुखायला लागतात.

वहिनीचा आशीर्वाद. काळजी आमच्यावर सोड, तू फुलांकडे बघ.
दादा


२७ एप्रिल १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लावलं एकदाचं. फडक्याला.

कळी उमलायच्या बेतात असतानाच तिच्या लोंबणाऱ्या पाकळ्या काढून टाकल्या, म्हणजे मधमाशीला बसायला पायरी नको. तिचे स्वतःचे परागकोश चिमट्यानं खुडले. मग खांबाचा पराग फुलातल्या पराग धरणाऱ्या तीन ओठांवर, एकेकावर नीट, जसा तू शिकवलास तसा. देठाला लाल दोरा बांधला. जांभळीकडे बघून जीव तुटला, खोटं कशाला बोलू. पण वासाचं घराणं सोडून रंगाशी सोयरीक मी कधी केली नाही, आणि नाक गेलं म्हणून आता करायची म्हणजे नाकाबरोबर अक्कलही गेली असं होईल.

मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना महिन्यापूर्वीच कळलं होतं. खवट झालेल्या तेलाला मी छान म्हणाले होते. ती खेप त्यांनी गुपचूप बाजूला काढली आणि मी तोंड उघडायची वाट बघत बसल्या. सध्या मला वड्यांच्या बांधणीच्या टेबलावर बसवलंय. जागा वर्षभर रिकामी ठेवतील, मग मात्र दुसरी बाई घ्यावीच लागेल म्हणाल्या. रडू आलं, पण पोटातला दगडही उतरला.

आता मनात एकच किडा वळवळतोय. यांना माहीत होतं की मला वासाचंच फूल हवंय. हा माणूस जन्मभर सगळ्यांना सगळं ठीक आहे असं सांगत आलाय. मग द्राक्षांचं खोकं खरंच होतं, की माझं मन राखायला रचलं? मी विचारलं. म्हणाले, खरंच होतं. पण रचलं असतं तरी हेच म्हणाले असते ना?

लोभ आहे तसा असावा. त्याला अजून वास लागत नाही, म्हणून मुद्दाम मागते.
तुझी,
नकटी


१९ जुलै १९८६

ती. दादा यांस,
स. न. वि. वि.

आपल्याला मी पत्र लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग. कारण विशेष आहे आणि हे पत्र मी कचेरीतून लिहीत आहे, याची नोंद घ्यावी.

बोंड उत्तम फुगले आहे. दोन दिवसांत फुटेल असे आपली बहीण म्हणते. तिची तब्येत ठीक. नाकात फरक नाही. शिजवताना ती मधूनच थांबते, झाकण उचलते आणि पुन्हा ठेवते, ते बघवत नाही. म्हणून मी हल्ली स्वयंपाकघरातच पेपर वाचतो. काही करपले तर सांगता यावे.

विषय असा की त्या फुलाबद्दल तिचा माझ्यावर विश्वास नाही. तिचे चूक नाही. मी आयुष्यात कशाचा वास घेतलेला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा घेतला आणि जे आले ते सांगितले. शोभेलसे काही सुचले असते तर गुलाब म्हटले असते. रिकामे खोके कोण रचून सांगेल? तेव्हापासून मला सवय लागली आहे. कचेरीत फायली, शाई, हेडक्लार्कची छत्री, सगळे हुंगतो. लोक बघतात. घरी जाऊन तिला दिवसभराचे वास सांगतो. ती ऐकते.

हे तिला कळवू नये. मी पटवायला गेलो की ते अधिकच रचल्यासारखे वाटते.

आपला नम्र,
मेहुणा


२२ नोव्हेंबर १९८६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आधी. फडकं गेलं. पावसानं वाफ्यात पाणी साचलं आणि कंद आतून सडला. बोटानं दाबला तर लापशीसारखा. यांनी चाकूनं सडका भाग कापून उरलेला वाळवायला ठेवला होता. म्हणाले, घाण येतेय, पण कडेला कंद अजून बरा आहे. तेही पुढे गेलं. म्हणजे आता त्या वासाचा साक्षीदार एकच, आमचे हे.

तू म्हणशील, नाजूक अंगाची आई निवडलीस. म्हण. पण सडण्याआधी तिनं बोंडभर बिया दिल्या, टपोऱ्या, तपकिरी. त्या पसरट कुंड्यांत पेरल्या आहेत आणि कुंड्या भिंतीकडेला थंडीत ठेवल्यात.

आता विचित्र बातमी. गेल्या आठवड्यापासून मला वास येतोय, पण एकच, जळक्या रबराचा. साबण रबर, भात रबर, हे सुद्धा रबर. यांना सांगितलं तर शर्टाची बाही हुंगून म्हणाले, नाही बुवा, घामच आहे. डॉक्टर मात्र खुश झाले. म्हणाले, तार जोडली जाते तेव्हा आधी अशीच खरखर होते. तेव्हा मी सध्या खरखर ऐकत बसले आहे.

लोभ वाढवावा, रबराची पर्वा करू नये.
तुझी,
नकटी


११ फेब्रुवारी १९८७

चि. नकटीस,
अ. उ. आ.

आई गेली म्हणून निवड चुकली असं मी म्हणणार नाही. रोप गेलं, रक्त राहिलं. कंद लवकर सडायची खोड तिची होती हे खरं, पण माझा खांब गेली सात वर्षं गटाराशेजारी ठणठणीत उभा आहे. तेव्हा पोरांना दोन्हीकडचं मिळू दे. कुंड्यांत हिरवं काही दिसलं की लगेच कळव.

इकडे दवाखान्याच्या पाटीचं मोठं काम मिळालं आहे. ‘दंत’ शब्दातला अनुस्वार वहिनीनं खालून बघून सांगितला म्हणून वाचलो, नाहीतर डॉक्टरचे दात माझ्यावर होते. हे पत्र शिडीवर बसूनच लिहितोय, कागदाला बोटं लागली आहेत, माफ कर.

मेहुण्यांना नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे, ती मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो, त्यांच्या नाकाला मी हसलो ते शब्द परत घेतो.

आशीर्वाद आहेतच, जरा डाग पडलेले.
दादा


१८ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टर्पेंटाइन!

पाकीट फोडलं आणि उंबऱ्यातच बसले. आधी वाटलं, मनाचे खेळ. पाकीट यांच्या नाकाशी धरलं, काय येतंय ते सांगा म्हटलं, आपण गप्प बसले. ते म्हणाले, दादा. मग मी ते दुपारभर पदराला खोचून फिरले. बाकी सगळं अजून रबरच आहे, पण रबराच्या भिंतीला एक खिडकी पडली आणि तिच्यातून तू आत आलास.

मालकीणबाई म्हणाल्या, घाई नको, रोज एक बाटली हुंग. जागा अजून माझीच आहे.

कुंड्यांत गवतासारखी पाती वर आली आहेत. आणि तुला यांच्याबद्दल काय माहीत आहे ते मी खोदून विचारणार नाही. पण विचारीनही.

लोभ पोचला, या वेळी खरोखरच.
तुझी,
नकटी


९ मे १९८८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फुललं. सगळं सांगते, पण क्रमानं सांगू दे, नाहीतर तू पत्राचा शेवट आधी वाचशील.

वासाच्या खोलीत मी परत बसायला लागले ते तुला ठाऊकच आहे. नाक पूर्ण आलेलं नाही. कापूर अजून लांबून येतो, लवंग येतच नाही. पण खवट तेल आता मी दारातून ओळखते, आणि मालकीणबाईंना तेवढं पुरतं.

कुंड्यांतली रोपं गेल्या वर्षी वाफ्यात लावली होती, यंदा त्यांना दांडे आले. बहुतेक पोरं बापावर गेली आहेत, विटकरी, ताठ आणि नळाच्या पाण्यासारखी. एक पिवळट निघालं, तेही कोरडंच. मी आशा सोडून दिली होती. काल सकाळी कोपऱ्यातलं शेवटचं उमललं. रंग विचारू नकोस. चहा सांडलेलं फडकं होतं, याच्यावर कॉफीही सांडली आहे. दांडा मात्र तुझ्या खांबाचा, रात्रीच्या वाऱ्यात जांभळी आडवी झाली आणि हे उभं.

मी वाकले. दादा, द्राक्षं नव्हती. द्राक्षं असती तर कदाचित मला शंका आली असती. द्राक्षं काढून घेतल्यावर उरतं ते होतं: लाकूड, थोडी धूळ, तळाला चिकटलेला गोडवा. रिकामं खोकं, जसंच्या तसं.

आत गेले तर हे दाढी करत होते. मी काहीच न सांगता विचारलं, ते मेलेलं रोप होतं ना, त्याचा वास कसा होता हो? गालाला फेस तसाच, आरशातून नजर न काढता म्हणाले, फळवाल्याचं खोकं, द्राक्षं काढून घेतलेलं, किती वेळा सांगू. मग मी त्यांचा हात धरून बाहेर नेलं. वाकले, आणि ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तसं म्हणाले, अरे, हाच. सरळ झाले तेव्हा फुलाच्या पाकळीवरच्या केसाळ दाढीला यांच्या दाढीचा फेस लागला होता. तो पुसताना आम्ही दोघं इतके हसलो की शेजारीण कुंपणाशी आली. तिला काय सांगणार? दोन वर्षं मी या माणसावर संशय घेत होते, आणि तो दोन वर्षं रोज संध्याकाळी मला कचेरीचे वास आणून देत होता.

मग तुला काय माहीत होतं तेही यांनाच विचारलं. हेडक्लार्कच्या छत्रीपर्यंत सगळं बाहेर आलं.

आता पुढचं. हेच रोप आई म्हणून घ्यायचं मी ठरवलं आहे; वास आहे, दांडा आहे, रंग तेवढा बापाकडून आणायचा. तुझ्या गच्चीवरचं ते निळं अजून फुललेलं असेल तर त्याचा पराग लगेच पाठव. पुडी स्वच्छ हातानं बांध. पत्र मात्र हात न धुता लिही, आणि लोभ त्या बोटांसकट असू दे.

तुझी,
माजी नकटी