साउंड कार्ड आणि धाकटा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, लिफ्ट, बँका आणि बसथांबे यांच्यासाठी घोषणा बोलणारा, देहाने बरा व बुद्धीने शाबूत असून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवत आहे. एका बाबतीत माझा पुरता गोंधळ आहे. त्यावरून कोणी मला भ्रमिष्ट ठरवू नये.

एक. राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची; तिच्या पश्चात मुलीची. यावर हरकत असलीच तर ती जावयाच्या मनात असेल. त्याने ती तिथेच ठेवावी.

दोन. मागच्या खोलीतला मायक्रोफोन आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या गाद्या मुलीला. काढताना प्लास्टर येईल, बेताने काढाव्यात.

तीन. संगणक. इथे घोडे पेंड खाते.

त्या खोलीत मी बोलायचो आणि धाकटा भाऊ रेकॉर्ड करायचा. “दरवाजा बंद होत आहे” हे बोलणारा माणूस मीच. नवा संगणक आला आणि मला हेडफोनमध्ये बारीक किरकिर ऐकू येऊ लागली. माऊस हलवला की जास्त. मी म्हणालो, वेगळे साउंड कार्ड बसवू. धाकट्याचे म्हणणे, मदरबोर्डवर आवाजाची सोय आहे, तीच पुरे.

“दादा, लिफ्टचा स्पीकर केवढासा असतो! त्यात तुझं कार्ड कोणाला कळणार?”

“मला कळेल.”

“मग लिफ्टमध्येच राहायला जा.”

माझा पारा चढला. म्हणालो, “तुला ऐकूच येत नाही, तर इथे बसतोस कशाला?” त्याने हेडफोन टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तो अजून पलीकडच्या गल्लीत राहतो. औषधांच्या दुकानात गाठ पडली की आम्ही दोघेही बाटल्यांवरची लेबले वाचत उभे राहतो.

हट्टाने कार्ड आणले. पहिले काही दिवस कसे स्वच्छ वाटले! मग किरकिर परत. मुलीने मला पाठमोरे बसवून हेडफोनची वायर कधी कार्डात, कधी मदरबोर्डच्या भोकात घातली आणि विचारले, कुठला आवाज चांगला? मी एकदा हा म्हणालो, एकदा तो.

“बाबा, तुम्ही अंदाजपंचे सांगताय,” ती म्हणाली. पण माऊसची किरकिर एकदा तिनेही ऐकली होती. दुसऱ्या दिवशी तिलाच खात्री वाटेना. कानाचे डॉक्टर म्हणाले, असा आवाज कधी कधी कानातच असतो. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. म्हणजे भांडण झाले तेव्हा किरकिर संगणकात होती की माझ्या डोक्यात? सकाळी वाटते कार्डच बरे. दुपारी वाटते धाकट्याचे बरोबर. सारखे तळ्यात-मळ्यात चालते.

आधी लिहिले होते, कार्ड धाकट्याला द्यावे, म्हणजे त्याला त्याची चूक कळेल. ते खोडून लिहिले, कार्ड काढून उरलेला संगणक त्याला द्यावा, कारण त्याचेच खरे होते. तेही खोडले.

“अहो, माणूस हवाय की जिंकायचंय?” पत्नीने विचारले. मला त्याची फार आठवण येते. मृत्युपत्रात असले काही लिहीत नाहीत म्हणे. मी लिहिले.

शेवटी वकीलबाई वैतागून म्हणाल्या, “काय ते एक ठरवा. आणि ज्याला काही द्याल, त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका.”

“आणि ज्याला काहीच दिलं नाही, त्याची?”

“चालेल की. पण त्याला इथे यावं लागेल. तुमच्यासमोर बसून सही करावी लागेल.”

चार. सबब, संगणक कार्डासकट मुलीला. वायर कुठे घालायची ते तिचे तिने पाहावे. धाकट्या भावाला मी काहीही देत नाही. पूर्ण विचार करून देत नाही. त्याला निरोप पाठवला आहे.

हे सर्व मी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि मग सही केली.

ठिकाण: घराची मागची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार
१. शेजारचे निवृत्त बसचालक (सही)
२. धाकटा भाऊ (सही). मला यात काही मिळणार नाही, हे निरोपातच कळलं होतं. तरी आलो.