खालची खोली धाकटीला

मी, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीण, घरात आणि चर्चमध्ये जिला सगळे थोरली म्हणतात ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात. डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. राग मात्र आहे, आणि तो कुणावर ते पुढे येईलच. परवा शनिवारी केलेलं मृत्युपत्र मी फाडलं असून ते रद्द समजावं.

१. दुकान, वाफेची इस्त्री आणि टेबलं कडकला द्यावीत. हा माझा जुना इस्त्रीवाला, प्रत्येक कॉलर उचलून "कडक!" म्हणतो, म्हणून ते नाव. अट अशी की रविवारी शटर बंद. समोरच्या हॉटेलाने चादरींसाठी कितीही गळ घातली तरी बंद. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात जे सापडेल ते, सुटं बटण असलं तरी, पाकिटात घालून परत. लोक हसतात, हसू देत. प्रभूशी मी इमान राखलं ते असं, खिसे उलटे करकरून. प्रार्थनेला मला शब्द सुचत नाहीत.

२. वरचा मजला आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला. वर आज धाकटी राहते. धाकटी म्हणजे माझ्या दिराची बायको. दीर गेले, ती इस्पितळात नर्स होती. नोकरी लागल्याची बातमी मुलीने आधी काकूला सांगितली, मग मला. ते मी विसरलेले नाही, तरी शिल्लक तिलाच.

३. या कलमाला जागा जास्त लागेल, कारण ते धाकटीविषयी आहे. ड्युटीपायी तिने निम्म्या उपासना बुडवल्या. मी एकही नाही. तरी मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाचं लग्न मोडलं, की माणसं माझ्या उघड्या दारावरून पुढे जाऊन तिचा जिना चढतात. फोनवरच्या ग्रुपमध्ये तिने दोन ओळींची प्रार्थना टाकली की आमेन, आमेन सुरू. मी अख्खं स्तोत्र टाकलं की पाळकसाहेबांचा एक अंगठा, तोही दुसऱ्या दिवशी.

माझे यजमान शेवटच्या दुखण्यात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. मी त्यांचा हात धरून प्रार्थना सुरू केली, तर म्हणाले, "तू दमलीस गं. धाकटीला बोलाव ना, ती करेल."

मी जिन्याखाली उभी राहून हाक मारली. ती ओल्या हातांनीच खाली आली, खुर्चीपाशी बसली आणि चार साधी वाक्यं बोलली. ते शांत झोपले. मला तेव्हा आधी दुःख झालं नाही, जळफळाट झाला. आजही ती खुर्ची पुसताना होतो. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याचं घर आहे, बैल आहे, गाढव आहे. जावेची प्रार्थना नाही, म्हणून आपण सुटलो असं मी स्वतःला समजावत आले.

तरी खालची खोली आणि ती खुर्ची मी धाकटीला देते. तिचे गुडघे गेले आहेत. जिन्यात कठड्याला धरून थांबते आणि कुणी पाहिलं की हसते. प्रेमापोटी देते असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं मी दुकानाच्या पावतीवरही लिहिलेलं नाही. ती सगळ्यांना देते. एकदा तरी तिने माझ्याकडून घ्यावं आणि माझे आभार मानावेत, एवढ्यासाठी देते.

४. शनिवारचा कागद का फाडला, तेही नोंदवते. वकीलबाई आल्या, शेजारचे दातांचे डॉक्टर साक्षीला आले. दुसरे साक्षीदार, चर्चचे ऑर्गनवाले, पाय मुरगळल्यामुळे आले नाहीत. तेवढ्यात धाकटी चहा घेऊन आली.

"मी करते की सही," ती म्हणाली.

"तुम्ही नका करू," वकीलबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला दिलेलं बाद होतं. ही खोली तुम्हाला दिलीय."

"असं होय? मग बरंच झालं. खोली पोरीलाच राहू द्या, ताई." आणि आम्ही तोंड उघडायच्या आत सही ठोकून मोकळी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच घरात, माझ्याच मृत्युपत्रावर तिने मला मागे टाकलं. मी कागद तिच्यासमोर टराटरा फाडला. "घ्यायला शिकवलं नाही का गं तुला कुणी?"

ती खाली बसली. म्हणाली, "घेतलं असतं, ताई. पण ते तुम्हाला रोज टोचत राहिलं असतं."

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. आणि तरी रोज माझ्यासाठी चहा आणते.

५. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी थोडक्यात आटपावं. खालच्या खोलीचा मालकी हक्क धाकटीला माझ्यामागे मिळेल, पण राहायला तिने आजच यावं. कडकने माझी खाट भिंतीकडे सरकवली आहे, खुर्चीशेजारी तिची मावते. हे उपकार नव्हेत. माझी वेळ येईल तेव्हा प्रार्थनेला मलाही धाकटीच लागणार आहे, आणि जिन्याखालून हाक मारण्याइतका दम माझ्यात उरणार नाही.

सही: थोरली

तिने आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
(१) शेजारचे दातांचे डॉक्टर
(२) चर्चचे ऑर्गनवाले, पाय स्टुलावर ठेवून

धाकटीला सही होईपर्यंत स्वयंपाकघरात बसवलं होतं, आणि घरातली बाकीची पेनं कडकच्या खिशात होती.

स्थळ: खालची खोली
दिनांक: सोमवार. काल रविवार होता, म्हणून सही केली नाही.