डाव्या हाताची थरथर

अण्णा, तुमच्या डाव्या हाताबद्दल एक विचारायचं राहून गेलं. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, मीही चाळिशी ओलांडली, आणि ज्याचं उत्तर येणार नाही असं पत्र लिहिणं माझ्यासारख्या शाळामास्तराला शोभत नाही, हे मला कळतं. पण गेले काही महिने माझा डावा हात थरथरतो आहे. असा थरथरणारा हात मी त्याआधी एकदाच पाहिला होता. तो तुमचा होता.

सुरुवातीपासून सांगतो. झोप येईना, रक्तदाब वाढला, म्हणून कुणीतरी सुचवलं आणि मी सुभेदारांकडं जाऊ लागलो. हे पलटणीतून निवृत्त झालेले गृहस्थ धाराशिवात डोंगराच्या पायथ्याशी पहाटे पाच-सहा जणांना एक सावकाश कसरत शिकवतात. महायुद्धात ते मलायात कैदेत होते. तारेच्या कुंपणापलीकडं एक म्हातारा चिनी रोज उजाडताना ती करायचा, त्याला बघून बघून हे शिकले. चीनशी लढाई झाल्यापासून मात्र ते तिला चिनी म्हणत नाहीत. कुंपणातून पाहिलेली विद्या, आणि शिकवणाऱ्यालाच तिचं नाव धड माहीत नाही. तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी तुमची भुवई वर गेली असती. माझीही गेली. गुडघे किंचित वाकवून उभं राहायचं, छातीशी भरलेली घागर धरल्यासारखे हात धरायचे, श्वास पोटापर्यंत जाऊ द्यायचा, आणि हात हलवायचे ते इतके हळू की पाहणाऱ्याला आपण हललोच नाही असं वाटावं. तळहात गरम व्हायचे, बोटांना मुंग्या यायच्या. माझ्या शेजारी एक कापडवाला उभा असतो. तो आधी ढेकर देतो, मग काही कारण नसताना हसत सुटतो. "हसू द्या त्याला," सुभेदार म्हणाले, "अंगात साठलेलं निघूलंय." काय साठलेलं, कुठं साठलेलं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, लई इचार करताव तुम्ही. गप उभं ऱ्हावा."

मग एका सकाळी माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. हुंदका नाही, मनात दुःखाचा विचार नाही, नुसतं पाणी. आणि डावा हात मनगटापासून थरथरू लागला. उजवा अगदी शांत. मला पहिला संशय आला तो स्वतःचाच. कापडवाल्याचं पाहून आपणही काही करून दाखवतो आहोत का? म्हणून घरी गच्चीवर, कुणी नसताना, एकटा उभा राहून पाहिलं. उपाशीपोटी पाहिलं, चहा घेऊन पाहिलं. हात थरथरलाच.

गच्चीवर कुणी नव्हतं हे खरं, पण शेजारच्या काकूंच्या अंगणातून ती दिसते, आणि तो दिवस मंगळवार होता. तुळजापूरच्या आईचा वार आणि थरथरणारं माणूस, एवढ्यावर आपल्याकडं दुसरं काही विचारायचं उरत नाही. काकू हळदीकुंकू आणि पाण्याचा तांब्या घेऊन जिना चढून आल्या आणि माझ्या पायांवर पाणी घालू लागल्या.

"काकू, अहो कसरत आहे ही."

"व्हय आई, तुजं तुलाच ठावं. माज्या लेकाची वाशीहून बदली कवा व्हईल, तेवढं सांग."

"मला काय ठाऊक बदलीचं? मी साधा मास्तर आहे."

"मास्तराच्याच अंगात आलीस, तवा शाळाखात्याचं तुला समदं ठावं आसंल."

तुमची सून जिन्यात तोंडाला पदर लावून हसत होती. संध्याकाळी मात्र हलक्या आवाजात म्हणाली, "एकदा जाऊन ओटी भरून येऊ या. काय बिघडतंय?"

अण्णा, पुजाऱ्यांच्या घरात जन्मून तुम्ही निजामाच्या शाळेत मास्तरकी धरलीत, पण राहिलात तुळजापूरला, देवळाच्याच गल्लीत. आपल्या ओट्यासमोर बाया घुमायच्या. लोक पाया पडायचे, प्रश्न विचारायचे. तुम्ही गर्दी पांगेपर्यंत थांबायचात, मग गुळाचा खडा आणि पाणी घेऊन त्या दमलेल्या बाईजवळ बसायचात आणि विचारायचात, "घरी काय झालं, बाई?" कुणाचं मूल गेलेलं असायचं, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं. एकदा मी, तेव्हा लहान होतो, अशाच एकीला पाहून म्हणालो, "सोंग करूलालीय." तुम्ही माझा कान धरून मला आत नेलंत. "सोंग म्हणायला पुरावा लागतो. आहे तुझ्याकडं?" नव्हता. "आणि देवी म्हणायलाही लागतो," तुम्ही पुढं म्हणालात, "तो त्यांच्याकडं नाही. म्हणून आधी पाणी द्यायचं." संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकलो. पाणी द्यायला शिकलो की नाही, सांगता येत नाही.

कारण आई गेली तेव्हा मी हैदराबादला कॉलेजात होतो. आलो, तेरावं झालं, पाहुणे पांगले. स्वयंपाकघरात तुम्ही आणि मी दोघंच उरलो. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापत आहात. पीठ परातीला चिकटतंय, भाकरीच्या कडा फाटताहेत, आणि परात धरलेला तुमचा डावा हात थरथरतोय, परात खाली दगडी फरशीवर बारीक वाजतेय. मी विचारतो, "अण्णा, हात का थरथरतोय?" तुम्ही म्हणता, "काही नाही. जेव." आणि जेवायला बसल्यावर तो हात मांडीखाली दाबून ठेवता. मी जेवलो. तिसऱ्या दिवशी हैदराबादला निघून गेलो. तुम्ही त्या तेरा दिवसांत एकदाही रडला नाहीत. आत्या म्हणाल्या होत्या, मास्तराचं काळीज दगडाचं. मी त्यांना काही बोललो नाही. आज कबूल करतो की एवढी वर्षं मी अर्धामुर्धा त्यांच्याच बाजूला होतो.

आता मुद्द्याचं. इथल्या डॉक्टरांनी माझा हात पाहिला आणि विचारलं, "वडिलांचा हात असा थरथरायचा का?" मी म्हणालो, एकदा पाहिलाय. ते म्हणाले, नसांचा एक विकार घराण्यात उतरतो, जिवाला धोका नाही, पण सोलापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. घरी येताना मला जिवाची काळजी वाटली नाही. वाटलं ते असं: हा विकार असेल, तर त्या दिवशी परात वाजत होती ती आईसाठी नाही, नसांमुळं. मग आत्यांचंच खरं. आणि विकार नसेल, तर तुम्ही रडत होतात आणि मी समोर बसून भाकरी खात होतो. तुम्ही फळ्यावर लिहिताना, पुढं म्हातारपणी, हात थरथरायचा का, हे आठवून पाहतो. आठवत नाही. मी घरी होतोच किती? माझी साक्ष कुणी धरू नये. शिवाय मला त्यातलं एक उत्तर हवं आहे, त्यामुळं माझ्या हातावरही माझा विश्वास नाही. कुणी सांगावं, तो मला हवं तेच करून दाखवत असेल.

सुभेदार म्हणतात निघू दे, काकू म्हणतात देवी, डॉक्टर म्हणतात नसा. "घरी काय झालं?" असं मला कुणी विचारलं नाही. मीही तुम्हाला विचारलं नव्हतं. हात का थरथरतोय, एवढंच विचारलं.

हे कागद मी पाकिटात घालणार नाही. घालून करणार काय? पण एक गोष्ट तुमच्या सुनेला सांगितलेली नाही, ती इथं लिहितो. काल सोलापूरला जायचं ठरलं होतं. घरी परत येऊन मी सांगितलं, गाडी चुकली. गाडी चुकली नव्हती, अण्णा. ती माझ्यासमोर लागली, कंडक्टर सोलापूर, सोलापूर म्हणून ओरडला, घंटी वाजली, गाडी निघून गेली, आणि मी स्टँडवरच्या बाकावर बसून होतो, डावा हात मांडीखाली दाबून.