दुसरी टाकी

३ फेब्रुवारी
दुसऱ्या टाकीत हवा सोडणारी मोटर जळली. बिघाडाची चिठ्ठी मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला!

५ फेब्रुवारी
मालक म्हणतात, "अहो मॅडम, पहिल्या टाकीतूनच पाणी नितळ येतंय. मग दुसरीत नुसती हवा घालायची कशाला?"

नुसती हवा! सहा वर्षं या रंगाईच्या कारखान्याचं सांडपाणी मी सांभाळते. पहिली टाकी हवाबंद, तिथले जिवाणू आमच्या लाल रंगाचे, म्हणजे अ‍ॅझो जातीच्या रंगाचे रेणू मधोमध तोडतात. रंग जातो. पण उरलेले तुकडे, म्हणजे अमाइन्स, मूळ रंगापेक्षाही घातक. काहींनी तर कॅन्सर होतो. ते संपवायला दुसरी टाकी आणि तिच्यात हवा, एवढं साधं गणित. फळ्यावर चित्र काढून समजावलं. मालक चष्मा लावून फळ्याजवळ गेले. मग म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं."

पालथ्या घड्यावर पाणी!

१० फेब्रुवारी
तपासणीचे साहेब आले. बाटलीत पाणी भरलं, बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं आणि पाण्यातून मथळा मोठ्याने वाचून दाखवला. "उत्तम!" मी म्हटलं, साहेब, अमाइन्स तपासा. तर म्हणे, "ते आमच्या तक्त्यात नाही."

मालकांनी त्यांना बिस्किटं दिली. मला नाही.

११ फेब्रुवारी
डोकं ठणकतंय.

१४ फेब्रुवारी
दुकानातून बारा मासे आणले. एका बादलीत नळाचं पाणी आणि त्यात आमचा लाल रंग, दुसरीत आमचं ते नितळ पाणी. मीठ, आम्लता, सगळं सारखं करून घेतलं. दुपारपर्यंत नितळ बादलीतले सहाही उलटे तरंगत होते. लालमधले फिरत होते! दोन्ही बादल्या उचलून मालकांच्या खोलीत नेल्या.

"आजारीच आणले असतील तुम्ही."

सहाच्या सहा? एकाच बादलीतले? यावर त्यांना फोन आला.

घरी नवरा म्हणाला, "उरलेले मासे इथे ठेवणार असशील तर मी बाहेर झोपतो." झोप म्हटलं.

१९ फेब्रुवारी
ताईचा फोन. ती कारखान्यामागे, नाल्याच्या काठावर राहते. आवाजात कौतुक नुसतं ओसंडत होतं. "तुझ्यामुळे गं! नाला कसा आरशासारखा झालाय. आता भाजी तिथेच धुते मी. पोरगी तर शाळेतून आली की पाण्यातच!"

ओरडलेच तिच्यावर. तर म्हणते, "वास नाही, रंग नाही, तुला झालंय काय? लहानपणापासूनची नकारघंटा तू!"

मालक, साहेब आणि माझी सख्खी बहीण, सगळे एकाच शाळेतले!

पण खरी चीड माझीच येतेय. नाला लाल होता तोवर अकरा वर्षं कुणी त्यात बोट घातलं नाही. ताईने पोरीला त्या पाण्याचा धाक घालूनच वाढवलं. तो लाल रंग दिवाळीत या दोन टाक्या सुरू करून मी घालवला. वर ताईकडे बढाई मारली.

२१ फेब्रुवारी
नाल्यावर पाटी लावली, 'पाण्याला हात लावू नये'. दिवस मावळायच्या आत पाटी गायब. फळी चांगली होती म्हणे.

२४ फेब्रुवारी
मालक म्हणाले, मोटरचं पुढच्या हंगामात बघू. मग अहवाल पुढे सरकवला. 'रंग: शून्य.' मी सही केली. खोटं काय आहे त्यात? शून्यच आहे. घरी येऊन अर्धा तास हात धूत बसले.

येताना नाल्यावरून आले होते. सात घरांच्या बायका ओळीने बसून धुणं धूत होत्या. भाची गुडघाभर पाण्यात उभी राहून मला हात हलवत होती. हाका मारून घसा बसला, पण ती हसतच राहिली.

२६ फेब्रुवारी
सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी लाल रंगाचं अख्खं पिंप नाल्याला मिळणाऱ्या बाहेरच्या गटारात ओतलं. मीच.

नऊला ताईचा फोन. ओरडतच होती. "नाला पुन्हा रक्तासारखा लाल! पोरीला खेचून बाहेर काढली. आम्ही सगळ्याजणी तक्रार करणार आहोत!"

करा म्हटलं. आणि रंग कुणी ओतला विचारलं, तर माझं नाव लिहा.