सखूबाईंच्या दुरड्या

इंदापूर, मंगळवार, ९ मार्च १९५४

"बायांनो, मोशेची पाच पुस्तकं म्हंजी देवानं भरून दिलेल्या पाच दुरड्या हायेत." वरकुट्याच्या सखूबाईंचं हे दहा वर्षांपूर्वीचं वाक्य आज आठवलं आणि जेवण बाजूला सारून लिहायला बसले.

सखूबाई बायबलबाई. गावोगाव फिरून बायकांना शास्त्र सांगायच्या, अक्षरओळख जेमतेम. त्या दिवशी बायांच्या रविवारच्या भर वर्गात मी म्हणाले, "दुरड्या कसल्या, सखूबाई? त्याला पंचग्रंथ म्हणतात. ग्रंथ म्हणजे काय भाकरी आहेत?" सगळ्या बाया हसल्या. सखूबाईही हसल्या. "व्हय बाई, तुमी शिकलेल्या." मग त्यांनी पुस्तक मिटलं. पुन्हा वर्ग घेतला नाही. तेव्हापासून मीच घेते.

आज रविवारच्या शब्बाथशाळेच्या पुस्तिकेसाठी पाद्रीसाहेबांना 'पेंटाट्यूक' या पंचग्रंथाच्या इंग्रजी नावाचं मूळ विचारलं. त्यांनी ग्रीक कोश उघडला. पेंटे म्हणजे पाच. ट्यूखोस म्हणजे आधी भांडं, मग लिहिलेल्या कागदांच्या गुंडाळ्या ठेवायची पेटी, आणि पुढे त्यातला ग्रंथच.

म्हणजे दुरडीच की! कुणाकडून ऐकलं असेल सखूबाईंनी? की आपसूक सुचलं?

पण खरी लाज वेगळीच आहे. त्या चुकल्या असत्या, तर माझं हसणं शोभलं असतं का? बाया हसल्या ते मीच हसवलं म्हणून. हे कळायला मला कोश लागावा?

उद्या वरकुट्याला जाते. "नगं बाई, आता न्हाय व्हायचं," म्हणतील, ठाऊक आहे. तरी मागणार: सखूबाई, रविवारचा वर्ग तुम्ही घ्या, मला बायांत खाली बसू द्या.