ड्विंडल

१२ जानेवारी
तालुक्याला, विट्याच्या क्लासात आज नवं इंग्लिश क्रियापद — ड्विंडल. हळूहळू कमी होत जाणं. मॅडम म्हणाल्या, स्वतःचं वाक्य करून आणा. आणते की! जत्रेला आले की हे मला तिकडं तमिळनाडूत, सेलमला नेणार आहेत. तिथं मराठी कुणाला कळतंय?

१५ जानेवारी
वाक्य केलं — आमच्या विहिरीचं पाणी ड्विंडल होतंय. शाबासकी मिळाली! यांना सांगायला फोन लावला तर, "गिऱ्हाईक हाय, ठिवतो." गलाईचं, सोनं गाळायचं दुकान, गिऱ्हाईक असणारच. तरी दोन शब्द?

२८ जानेवारी
फोन उचलतच नाहीत. नुसते मेसेज.

३ फेब्रुवारी
हट्टानं व्हिडिओ कॉल केला. गालफडं पार बसलीत. आत्याबाईंना, यांच्या आईला, दाखवलं. "भट्टीम्होरं बसणारा गडी वाळतोच गं. तुझं सासरं न्हवतं का तसलंच?" तेही खरंच. आमच्या गावात गलाईवाला जाडा दिसला तरच लोक चौकशी करतात! पण हे तोंडातून अक्षर काढेनात. हात हलवला, बंद.
एवढी नकोशी झाले मी?

११ फेब्रुवारी
रडून डोकं ठणकतंय. रागानं इंग्लिशमध्ये मेसेज टाकला — तुमची माया ड्विंडल झाली. उत्तर आलं, "ड्विंडल म्हंजे काय गं?"
नाही सांगणार. विचारा जा कुणाला तरी!

१९ फेब्रुवारी
जत्रा झाली. गावातले सगळे गलाईवाले आले. हे नाहीत. हिरवी साडी घडीसकट परत ट्रंकेत ठेवली.

२२ फेब्रुवारी
यांच्या भागीदाराचा, दादासोंचा, फोन. "वैनी, घाबरू नगा. त्याला हितं दवाखान्यात ठिवलाय. भट्टीच्या धुरानं छाती कामातनं गेलीया. बोलला की धाप लागती. तुमाला कळू नये म्हणून फोन घेत नव्हता."
आणि मी काय लिहून बसले! देवा!
"तुमच्या त्या शब्दाचा अर्थ त्यानं नर्सला इचारला. तिला मराठी येईना. तिनं हात वर धरून हळूहळू खाली आणून दावला. मग त्यानं भितीकडं तोंड फिरवलं."
हे ऐकून आत्याबाईंना जागचं उठवत नाही. मी एकटीच निघतेय.

२४ फेब्रुवारी, सेलम
डॉक्टर खाटेपाशी उभे राहून यांच्या श्वासाबद्दल इंग्लिशमध्ये बोलले. त्यात तोच शब्द होता. दादासो म्हणाले, "काय म्हणाला, वैनी?" मी यांचं पांघरूण नीट करायला लागले.
यांनीच पडल्या पडल्या हात वर केला. आणि हळूहळू खाली आणला.