नणंदेचा अर्धा वाटा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बॅगदुरुस्ती, राहणार बसस्थानकामागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी परवाच तपासून तसा दाखला दिला, आणि दाखल्याची फी जास्त लावली हे मला तिथल्या तिथे कळले, यावरूनही तसे म्हणता येईल. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. उलट मी हे लिहायला बसले म्हणून घरातले एक माणूस सकाळपासून तोंड फुगवून बसले आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझी माणसे.

मला मूलबाळ नाही. आईवडील केव्हाच गेले. भावाची मुलगी, माझी भाची, परगावी आपल्या संसारात सुखी आहे. नवरा होता. त्याने दुसरीकडे घर मांडले आणि आमचा रीतसर घटस्फोट झाला. त्याची धाकटी बहीण दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. घटस्फोटाचा निकाल लागला त्याच आठवड्यात ती कपड्यांची बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"दादाच्या नव्या घरी मला करमणार नाही," ती म्हणाली.

मी म्हटले, "वन्सं, आता मी तुमची वहिनी राहिले नाही."

"ते तुमचं आणि दादाचं. मला कोणी विचारलं होतं का?"

तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो. आधी भाड्याच्या दोन खोल्यांत, मग कर्ज काढून घेतलेल्या या घरात. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात. यापुढे या कागदात त्यांचा उल्लेख वन्सं असाच केला आहे.

कलम २. माझ्याकडे पैसा कुठून आला.

बॅगांच्या चेनी बदलून कोणी श्रीमंत होत नाही, म्हणून हे सांगणे भाग आहे. आम्ही दर शुक्रवारी लॉटरीचे एक तिकीट घेत असू. पैसे निम्मे निम्मे. टपरी माझ्या दुकानाच्या शेजारी, म्हणून तिकीट माझ्या पाकिटात राही. वन्सं दवाखान्यातून सुटल्या की येत, आपले अर्धे देत आणि मी निवडलेल्या आकड्यांना नावे ठेवत. कित्येक वर्षे काही लागले नाही. मग एकदा लागले. पहिले बक्षीस नव्हे, पण घराचे कर्ज फिटून, दुकानाचा गाळा विकत घेऊन वर बरेच उरेल एवढे. लॉटरीच्या कचेरीने त्यांचा कर आधीच कापून घेतला आणि बाकीची रक्कम माझ्या खात्यात भरली, कारण तिकिटामागे सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी मी वन्संना घेऊन बँकेत निघाले, अर्धी रक्कम वन्संच्या खात्यात घालायला. जाता जाता करसल्लागारांकडे डोकावले. माणूस सज्जन आहे, फक्त वाईट बातमी सांगताना चष्मा पुसतो. त्यांनी चष्मा काढला.

"या तुमच्या कोण?" त्यांनी वन्संकडे पाहून विचारले.

"नणंद."

"म्हणजे मिस्टरांची बहीण. मग काहीच अडचण नाही. नात्यात दिलेल्या भेटीवर कर नसतो."

"मिस्टर नाहीत. घटस्फोट झालाय."

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. कायद्यात नातेवाइकांची यादी असते, ते म्हणाले. नवऱ्याची बहीण तीत बसते, पण त्यासाठी नवरा असावा लागतो. घटस्फोट झाला की ती परकी. परक्या माणसाला ठरावीक मर्यादेपलीकडे पैसे दिले, की ते घेणाऱ्याचे उत्पन्न धरतात आणि त्यावर कर बसतो. एकाच बक्षिसावर दोनदा.

करसल्लागारांनी मग वाटा दाखवल्या. मर्यादेच्या आत राहून दर वर्षी थोडे थोडे द्यावे. किंवा मृत्युपत्रात लिहावे, कारण वारशाने आलेल्या पैशावर तो कर लागत नाही.

"म्हणजे मी यांच्या मरणाची वाट बघत बसू?" वन्सं म्हणाल्या.

"किंवा तिकीट घेतानाच ते दोघींचं होतं असा करार दाखवता आला, तर ही भेट ठरतच नाही. करार आहे का? नसेल तर..." ते थांबले. "जुना स्टॅम्पपेपर मिळतो."

वन्सं उठल्या. "जे खरं आहे ते सांगायला खोटा कागद कशाला?" असे म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा. करसल्लागार शरमले. तसे त्यांनी पुन्हा कधी सुचवले नाही, हेही येथे नमूद करते.

घरी आल्यावर मी म्हटले, भरून टाकू कर. उरेल तेही पुष्कळ आहे. डोक्याला ताप नको. त्यावर आमचे जे बिनसले तसे पूर्वी कधी बिनसले नव्हते. वन्सं माझ्याशी बोलेनात. चहाचा कप माझ्यासमोर ठेवत आणि पाठ फिरवत. शेवटी मीच विचारले, पैशाचा एवढा राग कशाला?

"पैशाचा नाही," त्या म्हणाल्या. "कर भरलात की ती भेट ठरते. तुम्ही लिहून द्यायचं की ही बाई माझी कोणी नाही, हिला मी खुशीनं देतेय. कायद्यात मी तुमची कोणी नसले तर नसेन, वहिनी. पण त्यावर तुमची सही नको."

मी करसल्लागारांना जाऊन सांगितले की आम्ही खरे तेच सांगणार, पुढे काय होईल ते होवो.

कलम ३. कर कचेरीत जे झाले ते.

हे कलम मी मुद्दाम घालते आहे, पुढे कोणी या वाटणीवर शंका घेतली तर उपयोगी पडावे म्हणून.

अर्धी रक्कम वन्संच्या खात्यात घालून तो त्यांचाच वाटा आहे असे आम्ही कर कचेरीला लिहून कळवले, म्हणून चौकशीला बोलावणे आले. अधिकारी बाई होत्या, तरुण, सर्दीने बेजार. टपरीवाल्यांना साक्षीला बोलावले होते. ते धुतलेला शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते.

"तिकीट कोण घ्यायचं?"

"दोघी मिळून. पैसे मोठ्या बाई द्यायच्या. मग धाकट्या बाई यायच्या आणि माझ्याचकडून नोट मोडून यांना अर्धे द्यायच्या. मला काय, सुटे देऊन देऊन वैताग."

"कधी दिले नाहीत असं झालं?"

"झालं की. त्यांना फ्लू झाला होता. पुढच्या शुक्रवारी दोन्ही आठवड्यांचे दिले. या नको म्हणत होत्या, त्या ऐकेनात. माझं गिऱ्हाईक खोळंबलं."

अधिकारीबाईंनी लिहून घेतले. पण तोंडी साक्षीने त्यांचे समाधान झालेले दिसेना. त्यांनी आम्हाला बाहेर बाकावर बसायला सांगितले, एकेकीला आत बोलावते म्हणाल्या. त्यांच्या खोलीचे दार नीट लागत नव्हते, ते आम्हाला ठाऊक नव्हते.

बाकावर बसल्यावर मी म्हटले, हे मिटले की आधी गाळा.

"आधी घर," वन्सं म्हणाल्या. "दुसरं न्हाणीघर बांधायचं ठरलंय."

"ते तुम्ही ठरवलंत."

"दहा वर्षं तेच सांगतेय. लागली लॉटरी तर न्हाणीघर. तुम्ही दर वेळी हो म्हणता आणि गाळ्यावर येता."

"गाळा पोट भरतो."

"तुमच्या अर्ध्यातनं घ्या गाळा. माझ्या अर्ध्याला हात लावायचा नाही."

आवाज बराच चढला असणार. दार उघडून अधिकारीबाई बाहेर आल्या. नाकाला रुमाल होता, त्यामुळे त्या हसत होत्या की शिंकणार होत्या ते कळले नाही.

"हे भांडण किती जुनं आहे?" त्यांनी विचारले.

"पहिल्या तिकिटाइतकंच," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी आणखी काही विचारले नाही. पुढे निकाल आला. तिकीट पहिल्यापासून दोघींच्या मालकीचे होते, अर्धी रक्कम वन्संना गेली ती भेट नव्हे, त्यांचाच वाटा. त्यावरचा कर आधीच कापला गेला आहे. वन्संनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आता गाळा घ्या. माझ्यातलेही थोडे घाला." मी न्हाणीघर आधी बांधले.

कलम ४. माझा पूर्वीचा नवरा.

बक्षिसाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली, तसा तो फळे घेऊन आला. वन्संना म्हणाला, "आपण सख्खे बहीणभाऊ. आपल्यात कर लागत नाही." कायदा त्याने बरोबर वाचला होता.

"कर लागत नाही, दादा," वन्सं म्हणाल्या, "पण द्यायला मन लागतं."

तरी त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे त्यांनी परस्पर दवाखान्यात भरले, आणि मी अडवले नाही. आता तो मला स्पष्ट पाहू शकतो, आणि रस्त्यात भेटला तर नमस्कार करतो. माझा त्याच्यावर राग उरलेला नाही. त्याला मी रोख काही ठेवत नाही. त्याची चामड्याची हातबॅग, जी त्याने लग्न टिकून असताना दुरुस्तीला टाकली आणि कधी नेली नाही, ती दुकानात वरच्या फळीवर आहे. ती त्याला द्यावी. मजुरी माफ.

कलम ५. दुकान.

गाळा, शिलाईची दोन्ही यंत्रे, पकडी, आऱ्या, रिबिटांचे डबे आणि दुकानाची गिऱ्हाइके मी माझ्याकडे काम करणाऱ्या कारागीर बाईंना देते. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, म्हणूनच हे जिवंतपणी न देता येथे लिहिले आहे. करसल्लागारांचा तेवढा सल्ला मानला. मोठे यंत्र जाड चामड्यावर टाका सोडते. त्याच्याशी रागाने वागू नये, तेल द्यावे. लोकांनी टाकून दिलेल्या बॅगा वर्षभर सांभाळून मग गरजूंना द्याव्यात. आतले कप्पे मात्र आधी तपासावेत. एकदा मला एकात कवळी सापडली होती. वन्संनी मालक शोधून काढला. दवाखान्यात त्यांना तोंडावरून माणूस ओळखता येई.

कलम ६. बाकीचे.

माझ्या खात्यातल्या शिलकीचा चौथा हिस्सा भाचीला. तिने त्यातून स्वतःसाठी काही घ्यावे, मुलांसाठी नव्हे. उरलेली सर्व शिल्लक आणि घरातला माझा अर्धा हिस्सा वन्संना. मसुद्यात 'मयताशी नाते' या रकान्यात करसल्लागारांनी 'पूर्वपतीची बहीण' असे टाइप केले होते. ते मी खोडून 'नणंद' लिहिले आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. त्यांनी हरकत घेतली नाही.

वन्सं माझ्या आधी गेल्या तर काय, असा प्रश्न करसल्लागारांनी काढला. वन्सं म्हणतात, त्याच आधी जाणार. मी म्हणते, मी मोठी आहे, पाळी माझी. यावर एकमत झाले नाही. तसे झालेच तर घरातला माझा हिस्सा आणि शिल्लक भाचीला जावी.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम करसल्लागारांकडे राहील.

कलम ७. पूर्वेची खोली.

घरात दोन खोल्या आहेत. सकाळचे ऊन माझ्या खोलीत येते, वन्संच्या खोलीत भिंत आणि शेजाऱ्यांच्या नळाचा आवाज येतो. हे घर घेतले तेव्हा चिठ्ठी टाकली होती आणि माझी निघाली. त्यांनी अदलाबदल करायला सुचवले तेव्हा मी कंबरेचे कारण सांगितले. माझ्यामागे ती खोली त्यांनी घ्यावी असे मी येथे लिहिणार होते.

एवढे लिहीपर्यंत वन्सं माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, उठल्यापासून पहिल्यांदाच बोलल्या, "न्याहारीला येताय का?" उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांशी होता आणि त्या त्यात पायाची बोटे हलवत होत्या, लहान मुलीसारख्या.

सबब हे कलम रद्द. कपाट रिकामे करायला वेळ लागेल, पण पलंग आजच हलवू.

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्यासमक्ष सही झाली:
१. वन्संच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. समोरच्या गाळ्यातले किल्लीवाले (सही). पलंगाला एक हात यांचाही लागला.

ठिकाण: राहते घर, पूर्वेची खोली
दिनांक: ७ मार्च २०२५, शुक्रवार